स्कीची शाळा ठरवताना: पैसे भरण्याआधी विचारायचं ते

बागा-कळंगुटच्या किनाऱ्यावर पॅरासेलिंगचे पैसे घेणारा एक, बोटीपर्यंत नेणारा दुसरा आणि दोर सोडणारा तिसराच, हे गोंयकाराला सांगायला नको. स्की शिकायला काश्मीरातल्या गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंगला गेलात, तर तिथेही असे मधले लोक भेटतात. म्हणून फोनवर दर विचारण्याआधी हे विचारा: उतारावर आमच्याबरोबर रोज कोण असणार, किती तास, आणि त्याच्याकडे आणखी किती जण असतील?

नवशिक्यांच्या गटात एका प्रशिक्षकामागे सहा जण ठीक, आठ म्हणजे हद्द. मुलांच्या गटात चार-पाचच हवेत. दहा जणांच्या गटात बराच वेळ आपली पाळी येईपर्यंत कुडकुडत उभं राहण्यात जातो. प्रमाणपत्र जरूर मागा, पण ‘बेसिक कोर्स केलाय’ याचा अर्थ त्याला स्की येतं एवढाच. शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे स्वतंत्रपणे विचारावं लागतं.

मग विचारा, पहिल्या दिवशी काय शिकवता? बूट घालून चालणं, एका पायात स्की घालून सपाटीवर घसरणं, पडून उठणं, आडव्या पावलांनी चढणं आणि शेवटी स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब फाकवून थांबणं, असा क्रम सांगितला तर माणूस शिकवणारा आहे. थांबता येण्याआधी उताराच्या वर नेणाऱ्या लिफ्टवर चढवणारी शाळा नको. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि नवशिक्यांचे उतार तिथेच, गावालगत आहेत. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल-कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत जातो. तिथले उतार तीव्र आहेत आणि हिमस्खलनाचा धोका असतो. ‘दुसऱ्याच दिवशी वर नेतो’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. ‘दहा मिनिटांत स्की शिकवतो’ म्हणणाराही नको; तो हात धरून पन्नास पावलं ओढतो, फोटो काढतो आणि मोकळा होतो.

सरकारी कोर्स शिस्तीचे असतात. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट यांचे कोर्स साधारण दोन आठवड्यांचे, ठरल्या तारखांचे. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगम 7 आणि 14 दिवसांचे कोर्स घेत आलं आहे. कॉलेजच्या मुलांना हे उत्तम. आठवड्याची रजा काढून निघालेल्या कुटुंबाने मात्र खासगी प्रशिक्षक धरावा, सकाळ-दुपार मिळून चार तास, किमान चार दिवस. समुद्रसपाटीवरून थेट तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी डोकं दुखू शकतं, दमही लागतो, म्हणून तो दिवस मोकळाच ठेवा.

तारखांचा घोळ नाताळात होतो. आपली सुट्टी तेव्हा असते, पण बर्फाची खात्री नसते. जानेवारी 2024 मध्ये तर गुलमर्गला जवळजवळ महिनाभर बर्फच नव्हता. जमत असेल तर फेब्रुवारी, कार्निव्हालच्या आसपास. बर्फ नसला तर पैसे परत की तारीख पुढे, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून मिळालं तरी चालेल.

स्की की स्नोबोर्ड? आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्यांचा ओढा बोर्डकडे असतो. पण बोर्ड म्हणजे एकच रुंद फळी, तिच्यावर दोन्ही पाय जखडलेले, त्यामुळे पहिले दोन दिवस बूड आणि मनगटं शेकून निघतात. बोर्डच हवा असेल तर मनगटाचे गार्ड मिळतात का, ते विचारा.

शाळेची खरी पारख भाड्याच्या सामानाच्या खोलीत होते. बूट चढवून सरळ उभे राहा: बोटं पुढे टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबा: बोटं किंचित मागे सरली पाहिजेत आणि टाच उचलता कामा नये. नवखा माणूस दुखतंय म्हणून एक नंबर मोठा मागतो. मग टाच आत हलते, पाय वळला तरी स्की वळत नाही आणि दोष प्रशिक्षकावर येतो. मोजाही एकच घाला, लोकरीचा किंवा सिंथेटिक. दोन घातले की घड्या पडून पाय सोलतो. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग पडताना सुटलं नाही तर गुडघा पिरगळतो. ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती सराईत आहात, यावरून लावतात. वजन न विचारताच स्की हातात देणाऱ्या दुकानातून बाहेर पडा. हेल्मेट भाड्यात धरलंय का, तेही तिथेच कळतं. जीन्स मात्र घरीच ठेवा. सुती कापड भिजलं की अंगाला गारठा लागतो.

प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, तो परिच्छेद शोधून वाचा. आणि काश्मीरला जाणार असाल तर गोव्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. निदान एकाकडे पोस्टपेड हवं, नाहीतर सकाळी नऊ वाजता प्रशिक्षक गोंडोलाजवळ आणि तुम्ही हॉटेलच्या दारात, अशी चुकामूक ठरलेली.