नाताळला मोठ्या पोरांना गिफ्ट द्यायचंय? मग टेडी नका घेऊ भो

आपल्या खानदेशात डिसेंबर लागला की ग्रुपवर मेसेज सुरू, नवापूरकडच्या हॉस्टेलला नाताळचं काहीतरी देऊ, जळगावच्या बालगृहाला देऊ, आणि मग गोळा काय होतं तर रंगपेट्या, बाहुल्या, टेडी, चॉकलेटची पाकिटं. सगळं सहा-सात वर्षांच्या लेकरांचं. 13 ते 18 वाल्यांसाठी कोणी काही आणत नाही कारण काय आणावं तेच सुचत नाही, आणि मिशी फुटलेला पोरगा हातात टेडी घेऊन दात काढत फोटोला उभा राहतो, त्याला किती ऑकवर्ड होत असेल बघा जरा.

खरेदीआधी फोन करा. हॉस्टेलला गृहपाल असतात, आश्रमशाळेत अधीक्षक असतात, त्यांना विचारा पोरं किती, पोरी किती, वयं काय, सरकारकडनं आधीच काय मिळालंय, आणि 25 तारखेला पोरं तिथं असणारेत का घरी जाणारेत. हे शेवटचं लोकं विचारतच नाहीत. नवापूर भागात ख्रिश्चन आदिवासी कुटुंबं भरपूर आहेत, त्यांच्याकडे नाताळ म्हंजे आपली दिवाळीच, पोरं घरी जाणार, नवे कपडे घालणार, त्यामुळे कपडे देणार असाल तर सुट्टीआधीच पोचले पाहिजेत. उलट वर सातपुड्यातली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघून जातात, त्यांच्या पोरांना सुट्टी लागली तरी घरी कोण आहे? सरकारी आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते का तेही त्याच फोनवर विचारून घ्या (आपल्याकडे नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल अशी चार ऑफिसं आहेत).

मग पोरांनाच विचारायचं. पण समोर उभं करून "तुले काय पाहिजे" विचारलं तर सगळे मान खाली घालून "काहीपण चालेल" म्हणतात. त्यापेक्षा गृहपालांना सांगा कागद वाटा, बजेट सांगा, समजा 600 रुपये, आणि त्यात बसतील अशा तीन गोष्टी प्रत्येकाला लिहू द्या. चिठ्ठ्यांमध्ये काय येतं माहितीये? बेल्ट, पाकीट, घड्याळ, डिओ, इअरफोन, हेअरबँड, नेलपॉलिश, व्हॉलीबॉल. काही लोकं नाक मुरडतात की गरिबाला डिओ कशाला, अरे आपल्या घरातल्या 15 वर्षाच्या पोराला आपण वह्याच देतो का सणाला?

आता थंडी. धुळे-जळगावला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो आणि तोरणमाळ, धडगावकडे तर विचारूच नका, म्हणून ब्लँकेट-स्वेटर कधीच वाया जात नाही. फक्त स्वेटरपेक्षा हुडी किंवा जॅकेट घ्या, शाळेसारखा निळा स्वेटर कोणालाच नको असतो. मापं अंदाजे घेऊ नका, 14 चं पोरगं अन् 17 चं पोरगं यांच्यात दोन साइजचा फरक पडतो. बुटासाठी कागदावर पाऊल ठेवून पेनाने आखून मागवायचं, त्यावर नाव टाकायचं, झालं.

बुटावरनं आठवलं, माझ्या मते सगळ्यात भारी गिफ्ट म्हंजे रनिंग शूज. आपल्याकडे 16-17 ची किती पोरं-पोरी पहाटे रोडच्या कडेने पळताना दिसतात, सगळी पोलीस भरतीची तयारी, पोरांना 1600 मीटर अन् पोरींना 800 मीटर, आणि पायात काय तर स्लीपर नाहीतर फाटका कॅनव्हास. चांगला जोड 600 मध्ये बसत नाही हे मान्य, मग दोघातिघांनी मिळून एका पोराचा घ्या. दहावी-बारावीवाल्यांची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, त्यांना अपेक्षित प्रश्नसंच आणि चार्जिंगचा दिवा द्या, वरच्या गावांत लाईटचा भरवसा नसतो.

पोरींसाठी पॅड आणि आतले कपडे जरूर घ्या, पण ते सगळ्यांसमोर वाटायचे नाहीत, वेगळ्या पिशवीत घालून मॅडमकडे द्यायचे. आणि हे गिफ्टमध्ये धरायचं नाही, गरजेची वस्तू वेगळी, गिफ्ट वेगळं.

चिठ्ठ्या जमल्या नाहीत तर अजून एक आयडिया, एखाद्या ओळखीच्या दुकानदाराशी बोलून प्रत्येकाच्या नावाने तेवढ्याच रकमेचं कूपन करून घ्या किंवा गृहपालांना सोबत घेऊन पोरांना बाजारात न्या, जळगावला असाल तर फुले मार्केटला, निवडू दे त्यांचं त्यांना. घासाघीस करायलाही शिकतात. रक्कम मात्र सगळ्यांना सारखी, एकाला 1000 चं अन् दुसऱ्याला 200 चं झालं की रात्री हॉस्टेलवर भांडणं. वापरलेले कपडे नकोत. संस्थेचा नाहीतर नगरसेवकाचा लोगो छापलेला टीशर्ट पण नको, तो घालून कॉलेजला कोण जाईल. अन् पाकिटात धर्माची पुस्तिका घालू नका, कुठल्याच धर्माची.

खाऊ द्यायचाच असेल तर केक-समोसे सोडा, थंडीत आपली भरीत पार्टी करा की! बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, पोरांनाच भाजायला लावा, मोठी पोरं अशा कामात लई खुश असतात.

फोटोचं बघा, बालगृहातल्या पोरांचा चेहरा किंवा नाव स्टेटसला टाकणं हा बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सामानाचा फोटो टाका हवं तर. आणि टॅक्सवाल्यांसाठी, वस्तू दिल्या तर देणगीवरची टॅक्सची सूट (80जी) नाही, रोख 2000 च्या वर दिले तरी नाही, सूट पाहिजे असेल तर 80जी असलेल्या संस्थेला चेक नाहीतर ऑनलाइन पैसे द्या आणि पावती घ्या.

राहिले 17 पूर्ण झालेले. बालगृहातनं 18 ला बाहेर पडावं लागतं, पुढे अनुरक्षण गृहात 21 पर्यंत सोय होऊ शकते पण सामान तर उचलावंच लागतं ना, म्हणून त्यांना एक मजबूत सॅक आणि चेनवाली फाइल घ्या, आधार, टीसी, जातीचा दाखला, मार्कशीट सगळं एका जागी राहतं. फाइल ए फोरपेक्षा थोडी मोठी बघा, जुन्या मार्कशीटा नाहीतर दुमडाव्या लागतात.