कॅलिक्स[४]अरीनचा सेन्सर बनवताय? या चुका टाळा

कॅलिक्स[४]अरीन म्हणजे फिनॉलच्या चार कड्यांचा वाटीसारखा रेणू. हा होस्ट ज्या रेणूला किंवा आयनाला धरतो, तो गेस्ट. गेस्ट थोडा थोडा घालत सिग्नलमधला बदल मोजायचा, हे टायट्रेशन. त्याचे आकडे जुळेनात की बहुतेक जण सॉफ्टवेअरमधलं मॉडेल बदलत बसतात. होस्ट-गेस्ट १:१ नाही जमलं तर १:२, तेही नाही तर २:१. त्याआधी बाटलीत नेमकं काय आहे ते बघावं. कॅलिक्सअरीनचं कामच दुसऱ्याला पोटात घेणं. तुमचा गेस्ट येण्याआधी तिथे कुणीतरी ठाण मांडून बसलेलं असू शकतं.

पहिला संशयित टोल्युइन. पी-टर्ट-ब्युटिलकॅलिक्स[४]अरीनचे स्फटिक टोल्युइनमधून काढले की प्रत्येक रेणूच्या पोकळीत टोल्युइनचा एक रेणू अडकून राहतो. रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली विद्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) तो हलत नाही; चांगला व्हॅक्यूम आणि भरपूर उष्णता, दोन्ही लागतात. मूळ संयुगाचा रेणुभार ६४९, टोल्युइनचा ९२. म्हणजे ६४.९ मिलिग्रॅम तोलून तुम्ही वहीत ०.१ मिलिमोल लिहिता, तेव्हा हातात जेमतेम ०.०८८ असतं, आणि १:१ चं वळण ०.८८ इक्विव्हॅलंटलाच (वहीतल्या होस्टच्या प्रत्येक मोलमागे ०.८८ मोल गेस्टलाच) येतं. मग 'काहीतरी वेगळंच बंधन' शोधण्यात आठवडे जातात. प्रोटॉन एनएमआर, म्हणजे रेणूतले हायड्रोजन दाखवणारा स्पेक्ट्रम, काढा; त्यात सिग्नलची जागा पीपीएममध्ये मोजतात. १.२ पीपीएमजवळ टर्ट-ब्युटिलचे ३६ प्रोटॉन दिसतात, २.३५ च्या आसपास टोल्युइनच्या मिथिलचे ३ दिसले, तर इंटिग्रेशनवरून (सिग्नलच्या क्षेत्रफळावरून) वजन दुरुस्त करा. पुन्हा पुन्हा सुकवण्यापेक्षा हे सोपं.

दुसरा संशयित सोडियम. फिनॉलच्या चारही ऑक्सिजनवर एस्टर गट जोडलेला कोन (शंकू) आकाराचा कॅलिक्सअरीन सोडियमला इतका घट्ट धरतो, की सोडियम मोजणाऱ्या आयन-निवडक इलेक्ट्रोडमध्ये तोच वापरतात. असा होस्ट सोडियम हायड्राइड वापरून बनवला किंवा ब्राइनने (मिठाच्या पाण्याने) धुतला, तर तो आधीच भरलेला असू शकतो. मास स्पेक्ट्रममधल्या एम अधिक २३ (रेणू अधिक सोडियम) या सिग्नलवरून मात्र काही ठरवू नका, इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीत तो असाही येतो. सौम्य आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने धुवा, आधीचा-नंतरचा एनएमआर शेजारी ठेवा. सिग्नल सरकले तर उत्तर मिळालं.

आकार गृहीत धरणं ही तर नेहमीची चूक. मिथॉक्सी गट असतील तर फिनॉलची कडी उलटी फिरू शकते. प्रोपिल किंवा त्याहून लांब गट लावले की आकार कुलूपबंद होतो. कोणता आकार, हे बरंचसं बेस (प्रोटॉन काढून घेणारं रसायन) ठरवतो: प्रोपिल ईथर बनवताना सोडियम हायड्राइडने साधारणपणे कोन (चारही कड्या एकाच दिशेला) मिळतो, सीझियम कार्बोनेटने १,३-आल्टरनेट (कड्या एकाआड एक वर-खाली). कार्बन-१३ एनएमआरमध्ये दोन कड्यांना जोडणाऱ्या पुलावरचा मिथिलीन ३१ पीपीएमजवळ असेल तर शेजारच्या दोन कड्या एकाच दिशेला, ३७ जवळ असेल तर विरुद्ध. एवढं न बघता पेपरात कोनचं चित्र टाकणारे कमी नाहीत.

फ्लोराइडच्या सेन्सरबद्दल मी जरा कडकच आहे. टेट्राब्युटिलअमोनियम फ्लोराइड घातलं, रंग पिवळा झाला, म्हणून 'हायड्रोजन बंध' लिहून मोकळं होऊ नका. कोरड्या विद्रावकात फ्लोराइड हा चांगला तगडा बेस असतो. बऱ्याचदा तो फिनॉलचा किंवा युरियाचा प्रोटॉन सरळ काढून घेतो. तेच टायट्रेशन टेट्राब्युटिलअमोनियम हायड्रॉक्साइडने करा. स्पेक्ट्रम तसाच आला, तर रंगाचं श्रेय प्रोटॉन जाण्याला द्यावं लागेल. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये १६ पीपीएमजवळ बायफ्लोराइडचा (प्रोटॉन घेतलेल्या फ्लोराइडचा) सिग्नल दिसला, तर शंका उरतच नाही. टेट्राब्युटिलअमोनियम फ्लोराइड हे मीठ बहुधा ट्रायहायड्रेट (पाण्याच्या तीन रेणूंसह) म्हणून येतं. ते तापवून सुकवायला जाऊ नका, मीठच विघटित होतं.

फेरिक (लोहाच्या) आयनाने फ्लुरोसन्स विझला? फेरिक स्वतःच अल्ट्राव्हायोलेट शोषतो, त्यामुळे प्रकाश होस्टपर्यंत पोचायच्या आधीच कमी होतो. शिवाय फेरिक नायट्रेटचं द्रावण आम्लधर्मी असतं. म्हणून तेवढंच आम्ल घालून कोरी चाचणी हवीच. एक्सायटेशनच्या तरंगलांबीला शोषणांक ०.१ असला तरी १ सेंटीमीटरच्या क्युवेटच्या (नमुन्याच्या पात्राच्या) मध्यापर्यंत सुमारे ११ टक्के प्रकाश गळतो. शोषणांक त्याच्या वर गेला की दुरुस्तीशिवाय बंधनस्थिरांक (बंधन किती घट्ट, ते सांगणारा आकडा) काढू नये.

गेस्टचा साठा होस्टच्याच द्रावणात बनवा, म्हणजे होस्टची तीव्रता बदलत नाही. जॉब प्लॉटवर (एकूण तीव्रता तीच ठेवून होस्ट-गेस्टचं प्रमाण बदलत काढलेल्या आलेखावर) विसंबू नका: १९२८ मधली ही पद्धत धातूंच्या मजबूत संकुलांना ठीक, पण कमजोर बंधनाच्या होस्ट-गेस्ट जोड्यांत १:२ असूनही शिखर मध्यावर, म्हणजे १:१ ला, दाखवू शकते. त्यापेक्षा वेगवेगळ्या मॉडेलांनी फिट करून उरलेल्या फरकांचा आलेख बघा. ठिपके शून्याच्या आजूबाजूला विखुरण्याऐवजी लाटेसारखे वर-खाली गेले, तर मॉडेल चुकतंय. होस्टची तीव्रता बंधनस्थिरांकाच्या मानाने फार जास्त ठेवली की वक्राऐवजी दोन सरळ रेषा मिळतात. त्यातून गुणोत्तर कळतं, स्थिरांक नाही. द्रावण दहापट पातळ करून पुन्हा मोजा.

आणि धातूंचे परक्लोरेट वापरत असाल, तर सेंद्रिय लिगँडसोबतचं ते द्रावण कोरडं होईपर्यंत कधीच आटवू नका. स्फोट होऊ शकतो.