बाबांच्या मानेचा ‘हो’ कॅमेऱ्याला कसा शिकवायचा

पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. मान मात्र शाबूत राहिली. त्या मानेवरून ‘हो’ आणि ‘नको’ ओळखणारा प्रोग्रॅम मी घरच्या लॅपटॉपवर, साधा वेबकॅम लावून, पायथॉनमध्ये लिहिला. कुणाच्या घरी अशीच गरज असेल म्हणून सांगते.

चेहऱ्यावरचे ४६८ बिंदू मीडियापाइप या गुगलच्या लायब्ररीतलं फेस मेश काढून देतं. प्रत्येक बिंदूची आडवी जागा (एक्स) आणि उभी जागा (वाय) ० ते १ च्या प्रमाणात मिळते. एक्सला चित्राच्या रुंदीने गुणा, वायला उंचीने. मग ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीतलं सॉल्व्हपीएनपी फंक्शन हे बिंदू चेहऱ्याच्या त्रिमितीय मॉडेलशी जुळवून डोकं किती फिरलंय ते सांगतं. त्याला कॅमेऱ्याच्या भिंगाची फोकल लेंथ सांगावी लागते; ती पिक्सेलमध्ये चित्राच्या रुंदीइतकी धरली तरी आपलं भागतं.

बिंदू कोणते घ्यायचे, इथे मी दोन दिवस अडले. सहसा नाकाचा शेंडा, हनुवटी, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि ओठांचे कोपरे घेतात. पण बाबांच्या ओठाचा उजवा कोपरा ओघळलाय, त्यामुळे ते सरळ बघत असले तरी मान कललेली यायची. जांभई आली की हनुवटी खाली जायची आणि मान झुकली असं दिसायचं. शेवटी तोंडाकडचे बिंदू सोडलेच. आता १, १०, ३३, १३३, १६८, २६३, ३६२ या क्रमांकांचे बिंदूच वापरते: नाक, कपाळ, डोळ्यांचे कोपरे. त्यांच्या त्रिमितीय जागा मीडियापाइपच्याच मूळ चेहऱ्याच्या फाइलमधून घ्या.

कोन थेट वाचू नका. मॉडेलचा वाय अक्ष वर जातो, कॅमेऱ्याचा खाली, म्हणून सरळ बघतानाही एक कोन १८० च्या आसपास उड्या मारतो. त्यापेक्षा माणूस निवांत पडलेला असताना त्याची रोटेशन मॅट्रिक्स, म्हणजे डोकं कसं फिरलंय ते सांगणारा आकड्यांचा तक्ता, जपून ठेवा. तिच्या ट्रान्सपोजला (ओळींच्या जागी स्तंभ केलेल्या तक्त्याला) पुढच्या प्रत्येक फ्रेमच्या मॅट्रिक्सने गुणलं की त्याच्या स्वतःच्या सरळ स्थितीपासूनचा फरक मिळतो.

आता ‘हो’. मी आधी वर-खाली हलणारी मान शोधत होते, आणि बाबांचा ‘हो’ सापडेचना. आईने बघितलं आणि म्हणाली, “अगं, ते कधी अशी मान हलवतात का?” खरंच, आपल्याकडे होकाराला मान खांद्याकडे डोलते. म्हणून ‘हो’साठी रोल (मान खांद्याकडे कलण्याचा कोन) बघा, ‘नको’साठी यॉ (डावी-उजवीकडे वळण्याचा). रोल आठ अंशांच्या पुढे गेला आणि अर्धा सेकंद टिकला, तरच मी ‘हो’ धरते.

आकडे थरथरतात, त्यावर वन युरो फिल्टर (थरथर गाळणारी एक गणिती पद्धत) लावा. त्यात दोन आकडे जुळवायचे असतात. मान स्थिर असताना ‘किमान कटऑफ’ हा आकडा थरथर थांबेपर्यंत कमी करा. मग मान हलवून बघत, उशीर जाईपर्यंत ‘बीटा’ हा दुसरा आकडा वाढवा. आई भरवायला वाकली की दुसरा चेहरा येतो. तेव्हा मागच्या फ्रेममधल्या जागेच्या सर्वांत जवळचा चेहराच धरा. मान ५० अंशांपलीकडे वळली तर ती फ्रेम सोडून द्या, पलीकडचा डोळा तिथे अंदाजानेच काढलेला असतो.

उशी बदलली किंवा पलंगाची पाठ वर केली की निवांत स्थिती पुन्हा नोंदवावी लागते. त्यासाठी मी स्पेसबार ठेवलाय, आई तो दाबते.