शाश्वत डिझाईन शिकवताय? निदान या चुका तरी टाळा

सातवं सेमिस्टर सुरू झालं की पोरं केबिनच्या दारातूनच सांगतात, "सर, आम्ही केळीच्या खोडापासून काहीतरी बनवतोय." काय बनवताय? "ते अजून फायनल नाही." म्हणजे मटेरियल ठरलं, नाव ठरलं (त्यात इको नाहीतर ग्रीन असणारच), लोगोसुद्धा झाला, फक्त वस्तू कोणाला हवीय आणि कशाला एवढंच राहिलं. मी इथे खान्देशात बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रॉडक्ट डिझाईन शिकवतोय आणि त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय भो, म्हणून हे लिहायला बसलो. शिकवणाऱ्यांनी पण वाचा, कारण यातल्या निम्म्या चुका पोरं आमच्याकडूनच उचलतात.

मटेरियलवरून सुरुवात करणं

जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, रावेर-यावल-चोपड्याकडे कुठेही जा, घड कापून नेला की खोडं बांधावर पडलेली दिसतात. पोरांना वाटतं फुकटचा माल आहे. पण खोडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, म्हणजे ट्रॅक्टरभर खोडं शहरात आणली तर डिझेल जाळून पाणीच वाहिलं ना. धागा काढायचा तर शेताजवळच काढायला हवा, तिथे मशीनला वीज हवी, धागा वाळवायला जागा हवी, आणि राहिलेला चोथा कुठे टाकणार त्याचाही विचार हवा. हे सगळं वहीत एका पानावर मांडून आण म्हटलं की निम्मे ग्रुप विषय बदलतात. बदलू द्या. जे उरतात त्यांच्याशी बोलायला मजा येते.

एकदाच जाऊन "युजर स्टडी" झाला म्हणणं

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण यात माझं स्वतःचं तोंड पोळलंय.

काही वर्षांपूर्वी चार पोरांचा ग्रुप होता, हुशार, मेहनती, तक्रारीला जागा नाही. चोपडा तालुक्यात केळी कापणीची टोळी बघायला गेले, नोव्हेंबरची सकाळ, छान हवा, अर्धा तास थांबले, फोटो काढले आणि मजुरांच्या वतीने स्वतःच गुगल फॉर्म भरून आले. "खांदा दुखतो का? हो / नाही / कधीकधी." आता २०-२५ किलोचा घड दिवसभर वाहणारा माणूस नाही कशाला म्हणेल? झालं, प्रॉब्लेम स्टेटमेंट तयार. त्यांनी खांद्यावर बांधायचा पट्टा केला, केळीच्या धाग्याचा आणि तागाचा, आत काथ्याची गादी, छातीवर बक्कल. दिसायला एक नंबर. कॉलेजच्या एक्स्पोत दुसरं बक्षीस आलं, आणि मी, हे लिहितोय तोच मी, स्टेजवर उभा राहून फोटो काढून घेतला.

मग एप्रिलमध्ये मला काय सुचलं देव जाणे, म्हटलं चला एकदा वापरून बघू. तीच टोळी, पण सकाळी नऊलाच ऊन असं की मान वर करवत नव्हती. एकाने पट्टा घातला. पहिल्या घडालाच अडकलं, कारण हे लोक घड उतरवताना खांदा एका बाजूला झुकवून सरकवतात आणि तो नेमका बक्कलपाशी अडायला लागला. दुसरं म्हणजे चीक. कापलेल्या दांड्यातून चीक गळत राहतो, कपड्याला लागला की तपकिरी-काळा डाग पडतो तो जन्मात जात नाही. आमची ती नैसर्गिक धाग्याची गादी चौथ्या-पाचव्या घडापर्यंत चीक आणि घाम पिऊन ओलीचिंब, जड, वर चिकट. त्यांची स्वतःची सोय काय होती? गोणपाटाची घडी, त्यात केळीचीच वाळलेली पानं कोंबलेली. संध्याकाळी पानं बांधावर फेकायची, गोणपाट झटकायचं, घरी. शून्य रुपये आणि शंभर टक्के कंपोस्ट होणारं डिझाईन समोर होतं आणि आमच्या पोरांनी नोव्हेंबरमध्ये त्याचा फोटोसुद्धा काढला नव्हता.

मुकादम बिचारा चांगला माणूस, हसला नाही. म्हणाला, "हाई बठ्ठं चांगलं शे भाऊ, पन बक्कल लावाले येळ कोन देई?" (हे सगळं चांगलं आहे, पण बक्कल लावायला वेळ कोण देणार?) त्या टोळीचा हिशोब वजनावर होता. गाडी जितकी लवकर भरेल तितकं पुढचं शेत लवकर. वेळेचे पैसे असतात हे आमच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं.

मग ग्रुपमधल्या एकाने शर्ट काढून गोणपाट घेतलं आणि तीन घड वाहिले. तिसऱ्याला बांधावर बसला तो बसलाच. पण पाणी पिऊन झाल्यावर तो जे म्हणाला ते अख्ख्या सेमिस्टरमध्ये कोणी म्हणालं नव्हतं: सर, खांद्याचं काही नाही, भीती पायाची वाटते. शेताच्या कडेला चारी होती, तिथली माती ओली, आणि डोक्याशी घड असताना पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. आम्ही सगळे महिनोन्‌महिने खांदा धरून बसलो होतो.

शेवटी त्यांनी काय बनवलं तर चारीवर टाकायच्या दोन फळ्या, वर जुन्या टायरच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या, कडेला दोरीचा कान, म्हणजे एका माणसाला पुढच्या शेतात ओढून नेता येईल. व्हायवाला बाहेरून आलेले सर म्हणाले, "यात इनोव्हेशन काय?" मार्क जेमतेम पडले. वर्षभराने मी त्या बाजूला गेलो तेव्हा एक फळी चुलीत गेली होती आणि दुसरी अजून चारीवर होती, पट्ट्या नव्या ठोकलेल्या.

तेव्हापासून माझा नियम, कोणाला पटो न पटो. पहिल्या भेटीला मोबाईल आणि वही बॅगेत. दुसरी भेट पूर्ण पाळीची, काम सुरू होण्याआधी पोचायचं आणि माणसं घरी निघाली की निघायचं. तिसरी भेट वेगळ्या ऋतूत, वस्तू घेऊन. इंटर्नलचे सगळ्यात जास्त मार्क या तिसऱ्या भेटीला. एका सेमिस्टरमध्ये हे बसत नाही अशी ओरड होते, बरोबर आहे, नाहीच बसत, म्हणून मी सहाव्या सेमिस्टरलाच ग्रुप पाडतो. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरा गाईड बघावा, स्टाफरूममध्ये भरपूर आहेत.

आणि ही चूक फक्त आपल्याच पोरांची नाही हां. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाचा प्रकार आला होता, मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचं आणि त्यावर पाणी वर चढायचं. २००६ मध्ये अमेरिकेतून मोठ्या निधीच्या घोषणा झाल्या, २०१० पर्यंत ४,००० पंपांचं टार्गेट. नंतर ब्रिटनच्या गार्डियन पेपरने हिशोब मांडला की ठरवलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. मुलं शाळेत गेली की बायकाच तो पाळणा ढकलत बसायच्या. उलट जयपूर फूट बघा, १९६० च्या दशकाच्या शेवटी रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी केलेला, मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. कारण माणूस घरी कसा बसतो इथून ते सुरू झाले. हे दोन्ही मी पहिल्याच लेक्चरला सांगतो, तरी पोरं फॉर्म घेऊन जातातच.

"बायोडिग्रेडेबल आहे सर"

थ्री-डी प्रिंटरमध्ये वापरतात तो पीएलए (एक प्रकारचं प्लास्टिक) मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून बनतो, म्हणून पोरं रिपोर्टमध्ये ठोकून देतात की मातीत विरघळतो. तो विघटन व्हायला कारखान्यातल्या कंपोस्टसारखी ६० अंशांच्या आसपासची उष्णता टिकून लागते, कॉलेजमागच्या खड्ड्यात टाकलात तर पुढची बॅच येईपर्यंत तसाच असेल. आणि गंमत म्हणजे साधारण ६० अंशांलाच तो मऊ पडायला लागतो. एका ग्रुपची पोरं मेमध्ये मॉडेल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जेवायला गेले, जळगावचं ऊन, काचा बंद, परत आले तर हँडल पापडासारखं वाकलेलं. म्हणजे गाडीत टिकत नाही आणि उकिरड्यात जात नाही. ते वाकडं हँडल माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला.

कापडी पिशवी

आपण कापूस पिकवणारी माणसं, त्यामुळे कापडी पिशवीविरुद्ध बोललं की घरातलेच रागावतात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात साधी कापसाची पिशवी प्लास्टिकच्या पातळ पिशवीच्या बरोबरीला यायला नुसत्या हवामानाच्या हिशोबाने ५२ वेळा वापरावी लागते असं निघालं, आणि सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. त्या मोठ्या आकड्यावर वाद आहेत, आणि प्लास्टिक गटारीत अडकतं, गाईच्या पोटात जातं, ते या हिशोबात येत नाही, हे पण पोरांना सांगा. पण ५२ वेळा तरी कोण वापरतं? प्रत्येक सेमिनारला छापलेली नवी पिशवी मिळते, माझ्या घरी अकरा पडल्यात. मी पोरांना वस्तूशी वस्तू तोलू देत नाही, कामाशी काम तोला म्हणतो: एका घरची वर्षभराची भाजी वाहून आणायची, बोला कशात. आयएसओ १४०४० मध्ये, म्हणजे वस्तूचा पर्यावरणावरचा परिणाम मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकात, यालाच फंक्शनल युनिट म्हणतात, पण आधी भाजी, मग व्याख्या. हा क्रम उलटा केला की वर्ग झोपतो.

बाकीच्या पटापट

फेविक्विकने चिकटवलेलं मॉडेल माझ्याकडे आणू नका. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. तुम्ही नाही, बाजारातला मिक्सर दुरुस्त करणारा माणूस ते उघडून परत जोडू शकला तरच पुढे बोलू.

सोलर पॅनल लावलं म्हणजे वस्तू शाश्वत झाली नाही. बॅटरी कोण बदलणार, कितीला, धुळ्याला मिळते का नंदुरबारला, ते लिहा.

प्लास्टिक म्हणजे पाप, हे घोकणं सोडा. जळगावच्या एमआयडीसीत चटईचा कारखाना बघून या, नुसती पीपीची (पॉलिप्रॉपिलीन या एकाच प्लास्टिकची) चटई वितळवून पुन्हा दाणा होऊ शकते. तिला तुम्ही कापडी अस्तर आणि लोखंडी रिंगा लावून "पारंपरिक टच" दिलात की मग ती कचराच.

कोर्स फाईलमध्ये समाज आणि पर्यावरणाच्या पीओसमोर (पीओ म्हणजे प्रोग्रॅम आउटकम, कोर्समधून पोरांना काय यायला हवं त्याची यादी) ३ हा सगळ्यात वरचा आकडा लिहिला म्हणजे ते शिकवून झालं असं समजणारे सहकारी मला माहीत आहेत. नावं घेत नाही, चहा एकत्र पितो.

आणि प्रदर्शनाचे बॅनर. गेल्या खेपेला "शाश्वत विकास" असं दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर छापून आलं, फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीच ना. मी बोललो तर वरून उत्तर आलं की कापडावर छापायला महाग पडतं. प्रदर्शन संपल्यावर आमच्या वर्कशॉपच्या शिपाईमामांनी तो गुंडाळून नेला आणि गळक्या पत्र्यावर टाकला, दगड ठेवून. पाऊस आला तरी लेथवर थेंब नाही.