दाताचा इम्प्लांट करून घेताना: खर्च, टप्पे आणि हाड जुळण्याचा काळ

खालची दाढ काढल्यावर ती जागा वर्षानुवर्षे मोकळी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, कारण ती हसताना दिसत नाही आणि दुसऱ्या बाजूने चावून निभावता येते. मात्र दात गेलेल्या जागी जबड्याचे हाड झिजू लागते आणि ही झीज पहिल्या वर्षभरात सर्वाधिक होते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, तर वरची दाढ हळूहळू खाली उतरते. त्यामुळे इम्प्लांटचा विचार असेल, तर दाढ काढण्यापूर्वीच दंतवैद्यांशी तसे बोलावे. दाढ काढताना त्या खळग्यात हाडाची भुकटी भरून जागा राखता येते आणि पुढचा काही खर्च त्यामुळे टळू शकतो.

इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. दाढेसाठी तो साधारणतः 4 ते 5 मिलिमीटर जाड आणि 8 ते 12 मिलिमीटर लांब असतो. त्यावर अ‍ॅबटमेंट हा जोडभाग आणि सर्वांत वर कॅप बसते. टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते, हे स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना 1950च्या दशकात सशांच्या हाडांचा अभ्यास करताना आढळले आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. आजही उपचाराचे यश मुख्यतः या जुळणीवरच अवलंबून असते.

पहिल्या भेटीत नुसत्या एक्स-रेवर न थांबता सीबीसीटी स्कॅनबद्दल, म्हणजे जबड्याची त्रिमितीय प्रतिमा देणाऱ्या स्कॅनबद्दल, विचारावे. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते आणि तिच्यापासून सुमारे 2 मिलिमीटर अंतर राखावे लागते; वरच्या मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. हाडाची उंची आणि जाडी किती उरली आहे, हे स्कॅनमध्ये नेमके दिसते. मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, ताजा अहवाल सोबत न्यावा. रक्त पातळ करणारी औषधे आणि हाडे ठिसूळ झाल्यामुळे घेतलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शने यांची माहिती न विचारताही द्यावी, पण ती स्वतःहून बंद करू नयेत. सिगारेट, तंबाखू आणि मिश्री यांबाबत लपवाछपवी केल्यास नुकसान रुग्णाचेच होते.

खर्चाच्या बाबतीत सर्वाधिक घोळ होतो तो जाहिरातीतल्या आकड्यामुळे, कारण तो आकडा पुष्कळदा फक्त स्क्रूचा असतो. महाराष्ट्रातील शहरांत स्क्रू, अ‍ॅबटमेंट आणि कॅप मिळून एका दाताला ढोबळमानाने 25,000 ते 60,000 रुपये लागतात. स्वित्झर्लंडच्या नामांकित कंपनीचा इम्प्लांट आणि झिर्कोनियाची (एक मजबूत सिरॅमिक) कॅप घेतल्यास रक्कम याहूनही वर जाते. हाड भरावे लागले किंवा सायनसचा तळ उचलावा लागला, तर त्याचे पैसे निराळे. म्हणून स्कॅन, स्क्रू, अ‍ॅबटमेंट, कॅप, हाडाची भुकटी आणि इम्प्लांट जुळला नाही तर पुढे काय, या सर्वांचा उल्लेख असलेले अंदाजपत्रक लेखी घ्यावे. साध्या आरोग्य विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही, तेव्हा पॉलिसी आधीच वाचावी. मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय, नायर दंत महाविद्यालय किंवा गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे चौकशी करणे हिताचे आहे. मात्र तेथे वेळ हाताशी ठेवावा लागतो.

स्क्रू बसवण्याचे काम जागेवर भूल देऊन होते आणि सरळ प्रकरणात तासाभरात आटोपते. ड्रिलवर सतत सलाइनची धार सोडलेली असते, कारण हाड तापले तर त्याच्या पेशी मरतात. त्या दिवशी बाहेरून बर्फाने शेकावे, जोरात चूळ भरू नये, थुंकू नये आणि स्ट्रॉने काही पिऊ नये. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेली दिसते, मग ओसरते. पहिले काही दिवस गार झालेला मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, दही असा आहार ठेवावा. टाके सहसा 7 ते 10 दिवसांनी निघतात.

खरी कसोटी यानंतर लागते. दुखणे थांबलेले असते, हिरडी भरलेली दिसते आणि रुग्णाला सारे बरे झाल्यासारखे वाटते. परंतु तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास स्क्रूची पकड उलट काहीशी सैल असते, कारण त्याला आवळून धरणारे जुने हाड विरघळत असते आणि नवे पुरते तयार झालेले नसते. याच काळात त्या बाजूने चकली, सुपारी किंवा भाजलेले दाणे चावण्याचा मोह महागात पडतो. खालच्या जबड्यात साधारण 3 महिने, वरच्या जबड्यात हाड विरळ असल्याने 4 ते 6 महिने थांबावे लागते, आणि हाड भरले असल्यास त्याहून अधिक. काही रुग्णांना लगेच दात बसवता येतो, हे खरे; पण दाढेच्या बाबतीत घाई न केलेली बरी. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, पू आला, ओठ बधिर राहिला किंवा स्क्रू हलतो असे वाटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कॅप बसल्यावर कंपनीचे नाव, माप आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर मागून घेऊन फाइलला लावावे. पुढे दुसऱ्या गावी जोडभागाचा स्क्रू सैल झाला, तर तेथील दंतवैद्यांना नेमका तोच भाग मागवता येतो. इम्प्लांट किडत नाही, परंतु त्याभोवतीची हिरडी सुजून हाड खचू शकते. त्यासाठी रोज रात्री दातांच्या फटीत जाणाऱ्या बारीक ब्रशने कॅपच्या कडेखालचा भाग साफ करावा आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी.