युरोलीगचा सामना पाहायला जाताना: तिकीट, प्रवास आणि क्लबचा ताळेबंद

युरोलीग या युरोपातील क्लब बास्केटबॉल स्पर्धेचा सामना प्रत्यक्ष पाहायचे ठरले की बहुतेक जण आधी विमानाचे भाडे पाहतात, मग हॉटेल आणि सर्वांत शेवटी तिकीट. हा क्रम उलटा करावा असे मी सुचवीन. आणि तिकिटाच्याही आधी, ज्या क्लबच्या हॉलमध्ये आपण जाणार आहोत त्या क्लबचा पैसा येतो कुठून, हे पाहून घ्यावे. हॉल केवढा आहे, तिकिटाचा दर काय, पाहुण्या संघाच्या चाहत्यांना जागा मिळेल का आणि पुढच्या मोसमात तो क्लब या स्पर्धेत असेल का, या सर्वांची उत्तरे बऱ्याच अंशी तेथेच दडलेली असतात.

स्पर्धेची घडण थोडक्यात अशी. युरोपातील विजेत्या क्लबांची स्पर्धा फिबा या जागतिक संघटनेने 1958 मध्ये सुरू केली. 2000 साली मोठ्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, एक वर्ष दोन समांतर स्पर्धा झाल्या आणि त्यानंतर युरोलीग क्लबांच्याच कंपनीच्या हाती राहिली. 2025-26 च्या मोसमापासून तीत 20 संघ आहेत आणि प्रत्येक संघ साखळीत 38 सामने खेळतो, म्हणजे 19 घरी आणि 19 बाहेर. काही क्लबांकडे दीर्घकालीन परवाने आहेत, काहींना आमंत्रण मिळते, तर युरोकप ही दुसऱ्या पायरीची स्पर्धा जिंकूनही वर येता येते. देशांतर्गत लीगचे सामने मुख्यतः शनिवार-रविवारी होत असल्याने युरोलीग मंगळवार ते शुक्रवार खेळली जाते. काही आठवड्यांत तर प्रत्येक संघाचे दोन सामने होतात. प्रवासाचे नियोजन करणाऱ्यासाठी हे दुहेरी आठवडे फार उपयोगाचे असतात.

आता पैशाकडे वळू. कागद-पेन्सिल घ्या आणि हा हिशेब स्वतः करून पाहा. समजा हॉलमध्ये दर सामन्याला 10,000 प्रेक्षक येतात आणि तिकिटाचा सरासरी दर 25 युरो आहे. एका सामन्याचे अडीच लाख युरो झाले, 19 सामन्यांचे साडेसत्तेचाळीस लाख. आता हॉल 5,000 खुर्च्यांचा धरा, साधारण मोनॅकोच्या हॉलएवढा. सगळी तिकिटे खपली तरी त्याच दराने पावणेचोवीस लाखांच्या वर जाता येत नाही. याउलट युरोलीगमधील बलाढ्य संघांचा केवळ खेळाडूंच्या पगाराचा आकडा एक कोटी युरोच्या बराच पुढे असतो. टीव्ही हक्कांचा पैसा अमेरिकेतील एनबीएच्या तुलनेत किरकोळ आहे. मग तोंडमिळवणी कशी होते? बहुतेक ठिकाणी ती होतच नाही; कोणीतरी दरवर्षी पदरमोड करून खड्डा भरत असते.

हा खड्डा भरणारा कोण आहे, त्यावरून क्लबांचे ढोबळ गट पडतात. रेआल माद्रिद, बार्सेलोना, बायर्न म्युनिक आणि फेनरबाह्चे येथे बास्केटबॉल हा फुटबॉल क्लबच्याच छत्राखालील विभाग आहे, त्यामुळे फुटबॉलची तब्येत बिघडली की बास्केटबॉलच्या खर्चाला कात्री लागते. ग्रीसमध्ये पिरियसच्या ऑलिंपियाकोसमागे अँगेलोपुलोस बंधू आहेत, पानाथिनाइकोसमागे दिमित्रिस यानाकोपुलोस. मिलानोच्या संघाला 2008 पासून फॅशन उद्योजक जॉर्जो अरमानी यांचा आधार होता. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. एकाच व्यक्तीच्या इच्छेवर उभा असलेला क्लब दिसायला भक्कम असतो, पण ती इच्छा ताळेबंदात दिसत नाही. एकाच प्रायोजकाचा टेकू तर त्याहून धोक्याचा. इटलीतील सिएनाच्या संघाने गावातल्याच मोंते देई पास्की या बँकेच्या पैशावर वर्षानुवर्षे देशातील लीग गाजवली. बँक संकटात सापडली आणि 2014 मध्ये क्लबचे दिवाळे निघाले.

या विषयात मला सर्वाधिक शिकण्यासारखे वाटणारे उदाहरण लिथुएनियातील कौनसचे आहे. झालगिरिस हा क्लब 2009 पासून व्लादिमिर रोमानोव्ह यांच्या हाती होता; फेब्रुवारी 2013 मध्ये त्यांची ऊकियो बँक बुडाली आणि क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. तो सावरला तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे. 2011 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी शहरात सुमारे 15,000 आसनांचा झालगिरिस अरेना उभा राहिला होता आणि त्याचे संचालन क्लबच्याच समूहाकडे होते. मोठ्या हॉलचे भाडे भरण्याऐवजी संगीताचे कार्यक्रम आणि इतर सोहळे यांचे उत्पन्न आपल्या गल्ल्यात येणे, हा फरक हिशेबात फार मोठा ठरतो. दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. सुमारे तीन लाख वस्तीच्या या शहरात आठवड्याच्या मधल्या रात्री तो हॉल भरतो. त्या काळात क्लबचा कारभार पाहणारे पाउल्यूस मोतिएयूनास पुढे युरोलीगचे मुख्य कार्यकारी झाले, यातच सगळे आले.

मात्र हॉल भरला की सगळे भागले, असाही समज करून घेऊ नये. आल्बा बर्लिनकडे मोठे शहर, मोठा हॉल आणि निष्ठावान प्रेक्षक होते, पण क्लबने अंथरूण पाहून पाय पसरण्याचे धोरण सोडले नाही. परिणामी शेवटचे दोन मोसम संघ युरोलीगच्या तक्त्यात तळाशी राहिला आणि 2025 मध्ये त्याने युरोलीग सोडून फिबाच्या चॅम्पियन्स लीगची वाट धरली. त्यातच मार्च 2025 मध्ये एनबीए आणि फिबा यांनी युरोपात नवी लीग काढण्याचा विचार जाहीर केल्यामुळे, आज जो क्लब युरोलीगमध्ये आहे तो तेथेच राहील असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. एखादा विशिष्ट संघ या स्पर्धेत पाहायचा असेल तर दोन-तीन वर्षांचा बेत न आखता चालू मोसमातच जावे.

क्लबचे वार्षिक हिशेब मिळाले तर तीन रकमा शोधाव्यात. पहिली, खेळाडू आणि प्रशिक्षकांवरील खर्चाचे एकूण उत्पन्नाशी प्रमाण. दुसरी, तिकिटांचे आणि सामन्याच्या दिवशीचे उत्पन्न. ते स्वतंत्र दाखवलेले नसेल तर बहुधा फार नसते. तिसरी आणि सर्वांत बोलकी, मालकाने किंवा मूळ संस्थेने दिलेली रक्कम, जी कधी प्रायोजकत्व, कधी कर्ज, तर कधी माफ केलेले कर्ज अशा वेगवेगळ्या नावांनी नोंदलेली असते. जर्मनीतील कंपन्यांचे ताळेबंद सरकारी नोंदवहीत कोणालाही पाहता येतात. इतर देशांत बातम्यांवर भागवावे लागते. तेथे खेळाडूंचे पगार थकल्याची बातमी दोनदा दिसली तर त्या क्लबचे तिकीट फार आधी काढू नये.

आता शहर निवडावे. प्रथमच जाणाऱ्याला मी कौनस सुचवीन: हॉल नेमुनास नदीतील बेटावर आहे, शहराच्या मध्यभागातून पायी जाता येते आणि स्वस्त विमानसेवा थेट शहराच्या विमानतळावर उतरतात. अथेन्समध्ये दोन मोठे क्लब एकाच मेट्रो मार्गावर आहेत. पहिल्या मार्गिकेवर फालिरो स्थानकाला ऑलिंपियाकोसचा हॉल आणि इरिनी स्थानकाला पानाथिनाइकोसचा. दुहेरी आठवड्यात, दोघांचे घरचे सामने जुळून आले तर, एकाच मुक्कामात दोन्ही पाहता येतात. बेलग्रेडमध्ये तर पार्टिझान आणि त्स्रवेना झ्वेझ्दा हे कट्टर प्रतिस्पर्धी युरोलीगचे घरचे सामने एकाच बेलग्रेड अरेनात खेळतात. मार्च 2014 मध्ये याच हॉलमध्ये झ्वेझ्दाच्या युरोकप सामन्याला 24,232 प्रेक्षक होते.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना म्युनिक सर्वांत सोयीचे. तेथील एसएपी गार्डन सप्टेंबर 2024 मध्ये उघडले, सुमारे 11,500 आसनांचे आहे आणि ऑलिंपिक पार्कात असल्याने यू-3 मेट्रोने जाता येते. ते रेड बुलने बांधलेले असून बायर्न तेथे भाडेकरू आहे. कौनसच्या नेमकी उलट व्यवस्था. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यासाठी तर 2025-26 पासून दुबईचा संघ युरोलीगमध्ये आला आहे आणि मुंबई-दुबई विमानप्रवास सुमारे तीन तासांचा आहे. वातावरण बाल्कनमधल्यासारखे असेल अशी अपेक्षा ठेवू नये, पण दुबईत राहणाऱ्या सर्ब आणि ग्रीक मंडळींमुळे पाहुण्यांचा आवाज तेथेही ऐकू येतो. सामना खरोखर घरच्याच हॉलमध्ये आहे ना, हेही तपासावे. युद्धामुळे मकाबी तेल अवीवला आपले घरचे सामने बेलग्रेडमध्ये खेळावे लागले होते, आणि 1991-92 मध्ये पार्टिझानने जवळजवळ सगळे घरचे सामने स्पेनमधील फुएनलाब्रादा या गावी खेळून शेवटी अजिंक्यपद पटकावले होते.

व्हिसाचे गणित भारतीय पासपोर्ट असणाऱ्याने नीट मांडावे. लिथुएनिया, ग्रीस, जर्मनी, इटली, स्पेन आणि फ्रान्स शेंगेन या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात आहेत. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. सर्बिया शेंगेनबाहेर आहे, पण वैध शेंगेन व्हिसा असलेल्यांना तेथे वेगळा व्हिसा लागत नाही. घोळ होतो तो परतीला: एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बेलग्रेडहून पुन्हा म्युनिकला येता येणार नाही. म्हणून बेत बेलग्रेडचा असेल तर अर्जात बहुप्रवेशाची मागणी करावी, किंवा बेलग्रेड शेवटी ठेवून तेथूनच मायदेशी परतावे.

तिकीट क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. दलालाकडे दिलेले जादा पैसे क्लबला मिळत नाहीत आणि नावावर निघालेले तिकीट पासपोर्टशी जुळले नाही तर दारातूनच परत फिरावे लागू शकते. आपण पाहुण्या संघाचे चाहते असाल तर यजमान क्लबकडून थेट साधे तिकीट घेण्याऐवजी आपल्या क्लबमार्फत पाहुण्यांच्या कोट्यातील जागा मागावी. हा कोटा लहान असतो, सीझन तिकीटधारकांना आणि चाहत्यांच्या संघटनांना आधी मिळतो, आणि काही सामन्यांना तो मुळीच दिला जात नाही. ग्रीसमधील देशांतर्गत सामन्यांना तर पाहुण्या चाहत्यांना बंदीच असते. कोट्यातील जागा मिळाली तर पोलिसांच्या देखरेखीत एकत्र आत जावे लागते आणि सामना संपल्यावर इतर प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते, हे परतीची गाडी ठरवताना धरून चालावे.

तटस्थ प्रेक्षकाने बाजूच्या लांब रेषेलगतच्या वरच्या मजल्यावरील जागा घ्यावी. तेथून दोन्ही संघांची मांडणी दिसते आणि दरही परवडतो. बास्केटमागील भाग पार्टिझानच्या ग्रोबारी, झ्वेझ्दाच्या देलिये किंवा पानाथिनाइकोसच्या गेट 13 अशा कट्टर चाहत्यांच्या गटांचा असतो. तेथे चाळीस मिनिटे उभे राहून गाणे हाच नियम आहे, बसून फोनवर चित्रीकरण करणाऱ्याचे स्वागत होत नाही. कपड्यांचा रंगही पाहून निवडावा. बेलग्रेडमध्ये पार्टिझानच्या सामन्याला लाल-पांढरे आणि अथेन्समध्ये ऑलिंपियाकोसच्या सामन्याला हिरवे घालून जाण्यात काहीच शहाणपण नाही. जर्मनीतील मोठ्या हॉलमध्ये कागदाच्या ए-फोर आकाराहून मोठी पिशवी बहुधा आत नेऊ देत नाहीत.

फायनल फोर, म्हणजे मे महिन्यात एकाच शहरात होणारे उपांत्य आणि अंतिम सामने, हा वेगळाच व्यवहार आहे. यजमान शहर आधी ठरते, तिकिटे संघ ठरण्यापूर्वीच विक्रीस येतात आणि सहसा सर्व सामन्यांची एकत्रित असतात. 2023 मध्ये ते कौनसला, 2024 मध्ये बर्लिनला आणि 2025 मध्ये थेट अबू धाबीला झाले, जेथे फेनरबाह्चेने मोनॅकोला 81-70 असे हरवले. अबू धाबीच्या निवडीमागे खेळापेक्षा यजमानांच्या तिजोरीचा विचार अधिक होता असे माझे मत आहे. अथेन्सच्या सामान्य चाहत्याला बर्लिन परवडते, आखात परवडत नाही. तरीही जायचेच असेल तर उपांत्य सामन्यांच्या रात्रीपर्यंत थांबावे: हरलेल्या दोन संघांचे चाहते अंतिम सामन्याची तिकिटे विकून टाकू लागतात. अधिकृत पुनर्विक्रीची सोय असेल तर त्या वेळी दर खाली आलेले दिसतात.

घरून पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मध्य युरोपातील रात्री साडेआठचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्रीनंतर एक वाजता सुरू होतो. प्रत्यक्ष गेलेल्यांसाठी तोच सामना तेथे साडेदहाच्या सुमारास संपतो. तेव्हा विमान लिथुएनियाची राजधानी विल्न्यूसहून असले तरी कौनसमधला मुक्काम त्या रात्रीपुरता धरूनच ठेवावा आणि परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचे काढावे.