बडोद्याहून चेव्हनिंगला अर्ज करताना

माझी वकिली बडोद्यात. श्रावण लागला की दांडिया बाजारातल्या माझ्या घरी संध्याकाळी कुणी ना कुणी चेव्हनिंगचा अर्ज घेऊन येतं. ब्रिटिश सरकारची ही शिष्यवृत्ती 1983 पासून चालू आहे. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाची फी, जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि महिन्याचा खर्च त्यात मिळतो. मानवी हक्कांचा कायदा शिकायचा असेल तर एसेक्स विद्यापीठ यादीत असू द्या. अर्ज फुकट आहे. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

पदवी हवी आणि दोन वर्षांचं काम हवं. काम तासांत मोजतात, 2,800 तास. "काकू, पक्की नोकरी कुठे आहे?" असं म्हणत इथेच बरेच जण माघार घेतात. पदवीनंतर संस्थेत बिनपगारी केलेलं काम, इंटर्नशिप, अर्धवेळ नोकरी, सगळं धरतात. वही घ्या आणि महिन्यांप्रमाणे तास मांडा.

खरा वेळ निबंधांना द्या. "मला लहानपणापासून अन्यायाची चीड आहे" ही ओळ मी पेन्सिलने खोडते. चीड असणारच, त्याशिवाय कुणी मानवी हक्कांच्या कामात येत नाही. गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत झाबुआ-आलिराजपूरचे आदिवासी मजूर कामाला येत. दगडाची भुकटी छातीत बसून किती जण सिलिकोसिसने गेले! राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2010 मध्ये 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यायला सांगितलं, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला 2016 उजाडलं. या मजुरांसोबत काम केलेल्या एका मुलीच्या पहिल्या खर्ड्यात हा सगळा इतिहास होता, ती स्वतः मात्र कुठेच नव्हती. "तू काय केलंस?" विचारलं. म्हणाली, मजुरांकडे हजेरीचा कागदच नसतो, म्हणून शेजारी काम केलेल्यांचे जबाब मी गावात बसून लिहून घेतले; एक्स-रेवरचं नाव पुसट झालं होतं, तर दवाखान्यात जाऊन केसपेपरची नक्कल काढली. म्हटलं, हेच लिही, याच क्रमाने. नेतृत्वाच्या निबंधात हेच हवं असतं: अडलं कुठे, तुम्ही काय केलंत, त्याने कुणाचं काय बदललं.

शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. म्हणून पुढच्या कामाच्या निबंधात "समाजसेवा करीन" चालत नाही. कामगार न्यायालयात की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, कुणासाठी, पहिल्या वर्षी काय, ते लिहा. आपल्या शहराला असा करार नवा नाही. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा परतून दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचं लिहून घेतलं होतं. ते आले, आणि 1917 मध्ये याच बडोद्यात जातीपायी त्यांना राहायला खोली मिळेना. शिकून परतणाऱ्याच्या वाट्याला काय येऊ शकतं हे मुलाखतीत बोलायचं असेल, तर आधी कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर, जिथे बसून तेव्हा बाबासाहेबांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला, थोडा वेळ बसून या.

शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्याच्या मागे धावू नका. ज्याने तुम्हाला रोज काम करताना पाहिलंय, त्यालाच विचारा.

कागदांत आपल्याकडची एक अडचण हमखास निघते. गुजरातमध्ये गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेलं असलं की तीन कागदांवर तीन नावं होतात. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून अर्ज सुरू होण्याआधीच हे उरका. विद्यापीठांचे अर्ज वेगळे भरावे लागतात आणि इंग्रजीची परीक्षाही विद्यापीठ मागेल तशी द्यावी लागते. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी लागते, तीही ब्रिटनने मान्य केलेल्या दवाखान्यातूनच.

तुम्ही आदिवासी असाल, किंवा धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याक असाल, तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाच्या जिनिव्हातल्या फेलोशिपही पाहा. आदिवासींसाठी वेगळी आहे, अल्पसंख्याकांसाठी वेगळी. त्यात विमानाचं तिकीट, राहण्या-जेवणाचा भत्ता आणि आरोग्य विमा मिळतो. मुदत अल्प असल्याने नोकरी न सोडताही जाता येतं. तिथे तुमच्या समाजाच्या संस्थेचं पत्र लागतं, ते आधी मागून ठेवा.